डब्यातलं शेवटचं प्रकरण

—नाही, मला नको साखर, तुम्ही घ्या. घ्या हो, आता काय रेशन राहिलं नाही, चांगले दोन चमचे घ्या, लंडनहून एवढ्या लांब आलात—मी घेत नाही इतकंच. नाही, डॉक्टरांनी नाही सांगितलेलं. माझं आपलं एक व्रत आहे. ईस्टरच्या आधी आपण सगळेच काही ना काही सोडतो ना, कुणी गोड, कुणी पत्ते, आमच्या पाद्र्यांनी तर मागच्या वर्षी पाइप सोडला आणि सगळ्या गावावर खेकसत फिरले—तसंच माझं, फक्त माझा ईस्टर जरा लांबलाय. गंमत सांगू? युद्धात कुणाला कळलंच नाही. सगळ्यांचीच साखर गेलेली, त्यात माझी एक. कुणाच्या डोळ्यांवर न येता व्रत करायला इतका चांगला काळ पुन्हा मिळायचा नाही. पुढे साखर मोकळी झाली तेव्हा शेजारच्या मिसेस प्रॉसर आल्या, म्हणाल्या, "विनिफ्रेड, आता तरी तोंड गोड करा!" आणि भरला चमचा घेऊन सरळ माझ्या कपावर आल्या. मी कपावर हात ठेवला. तेव्हा पकडले गेले. तर तुम्ही घ्या. आणि तो केकही घ्या, शहाजिऱ्याचा आहे, माझ्या नवऱ्याला, अँब्रोजला, फार आवडायचा.

तर हेस्टरने तुम्हाला कागद पाठवले. माझ्या मुलीने. मला काल सांगितलं, फोनवर, प्रॉसरांच्या घरी निरोप ठेवून—की आई, उद्या दुपारच्या बसने प्रकाशकांकडून मिस हॅलम म्हणून येतील, बाबांची पुस्तकं पुन्हा काढायचीत त्यांना, जरा नीट बोल. जरा नीट बोल! जशी मी दारात कुत्रं बांधून बसलेय. नाही, रागावले नाही मी. राग यायला आत काहीतरी हलावं लागतं, मिस हॅलम, आणि माझ्या आत आताशा फारसं काही हलत नाही. सकाळी उठते, चूल पेटवते, शनिवारी चर्चमधली पितळ घासते, रविवारी प्रार्थनेला जाते. दिवस येतो, दिवस जातो. तक्रार नाही हं. देवाने हात-पाय चालते ठेवलेत.

पुस्तकं न्या ना, खुशाल न्या. त्या कपाटात सगळी आहेत, खालच्या फळीवर. घंटाघरातला तो खून, सफरचंदांच्या कोठारातला, बिअरसाठी हॉपची फुलं वाळवायच्या भट्टीतला—आमच्या गावात खरं तर कोंबडीचोरीपलीकडे काही घडलेलं नाही, पण अँब्रोजने एकही जागा सोडली नाही बघा. घंटाघराचं पुस्तक आलं तेव्हा तेव्हाचे पाद्री महिनाभर आमच्याशी बोलले नव्हते. म्हणाले, "मिस्टर पेलिंग, आता माझी माणसं वर घंटा वाजवायला जाताना आधी पायऱ्यांवर रक्त बघतात." आणि खुनी शोधून काढणारा तो त्याचा मिस्टर क्वेल, पियानोचे सूर लावणारा! अँब्रोज म्हणायचा, पोलीस कशाला हवाय, गावात असा एकच माणूस असतो जो प्रत्येकाच्या दिवाणखान्यात तासभर एकटा बसतो आणि ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. हेरेफर्डहून आमचा पियानो लावायला एक खराखुरा म्हातारा यायचा, त्याच्यावरून घेतलेला. बिचाऱ्याची पंचाईत झाली. तो आला की लोक गप्प. बायका पत्रं उचलून आत न्यायच्या. शेवटी तो मला म्हणाला, "बाई, तुमच्या यजमानांना सांगा, पुढच्या पुस्तकात मला मारून टाका, म्हणजे माझं पोट चालेल." हसा, हसा. मीही हसले होते.

काय म्हणालात? नाही, ऐतिहासिक कादंबऱ्या तुम्हाला नकोत, ते मला माहीत होतं. कुणालाच नकोत. राजाच्या आणि पार्लमेंटच्या लढाईवरच्या त्या जाड जाड—त्या त्याने नंतर लिहिल्या. एक्केचाळीसनंतर. मिस्टर क्वेलला त्याने कपाटात घातलं ते पुन्हा काढलंच नाही. तुमच्याच कचेरीतून पत्रं यायची तेव्हा, लोक बॉम्बच्या तळघरात बसून खुनाच्या गोष्टी मागतायत, एक तरी लिहा. तो नाहीच म्हणायचा. मी एकदा विचारलं, का रे? स्वेटर विणत होते मी, तो तिथे, तुम्ही बसलात तिथेच होता. म्हणाला, "विनी, जुन्या काळात बरं असतं. तिथे सगळे तीनशे वर्षांपूर्वीच मेलेत. कुणाची वाट बघायची नसते." एवढंच. आणि परत लिहायला लागला. मीही परत विणायला लागले. वाचा त्या कधीतरी, नाही छापल्यात तरी. दुसऱ्या भागात एक विणकराची बायको आहे, लढाई संपल्यावर रोज पुलापर्यंत जाते. दुसरं काही करत नाही ती, नुसती पुलापर्यंत जाते आणि येते. टीकाकारांनी लिहिलं, हे पात्र गोष्टीला काही उपयोगाचं नाही. असेल. मला आवडलं.

पण तुम्ही त्यासाठी आला नाहीत. तुम्ही त्या एका पुस्तकासाठी आलात. मघापासून तुमचे डोळे माझ्याकडे कमी आणि शेकोटीवरच्या फळीकडे जास्त आहेत. हो, तोच. घड्याळाशेजारचा काळा डबा, ज्याच्यावर राजा-राणीचं चित्र आहे—राणीचं नाक पुसलं गेलंय, ते माझ्या फडक्यानं. चहाचा डबा होता तो आधी. हेस्टरने सांगितलंच असेल तुम्हाला. काय सांगितलं? की आई वेडी झालीय, पुस्तकाचं शेवटचं प्रकरण डब्यात ठेवून बसलीय, उघडू देत नाही? असं नसेल म्हणाली, ती तशी मायाळू आहे. म्हणाली असेल, आईला जरा वेळ लागतो.

तसं नाही ते. नियम आहे या घरचा. सांगते.

अँब्रोज हिवाळ्यात लिहायचा आणि दर रविवारी, चर्चमधून आलो की, चहाच्या वेळी आम्हाला वाचून दाखवायचा. आम्ही म्हणजे मी, हेस्टर, आमचा मुलगा क्लेमंट, म्हणजे क्लेम, आणि डिलिस. डिलिस आमच्याकडे कामाला होती, वेल्सची, डोंगरापलीकडची. तिला वगळायचं नाही, असं क्लेमने सात-आठ वर्षांचा असताना ठरवलं, कारण ती स्वयंपाकघरातून दाराला कान लावून ऐकायची आणि दूध उतू जायचं. शेवटचं प्रकरण सोडून सगळं वाचून झालं की शेवटचं प्रकरण या डब्यात. झाकण गच्च. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं—खुनी कोण—आणि चिठ्ठी आपापल्या बशीखाली ठेवायची. ज्याने ज्याने ऐकलं त्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. एक जरी राहिली तरी नाही. हेस्टरला गोवर झाला होता त्या वर्षी आम्ही सगळे तीन रविवार नुसते त्या डब्याकडे बघत बसलो होतो, तुमचे प्रकाशक तारांवर तारा करत होते, पण नाही उघडला. अँब्रोज म्हणायचा, कोर्टात बारा जणांनी एकमत करावं लागतं, इथे चौघांनी निदान मत तरी द्यावं.

डिलिस दर वेळी पाद्र्याचंच नाव लिहायची. दर वेळी! पुस्तकात पाद्री नसला तरी. ती चॅपलची, म्हणजे दुसऱ्या पंथाची, आमच्या चर्चची नाही, त्यामुळे तिला आमच्या पाद्र्याबद्दल आधीपासूनच संशय. "बाईसाहेब," म्हणायची, "इतके मऊ हात सरळ माणसाचे नसतात." हेस्टर वहीत आकृत्या काढायची, कोण कुठे होतं, कोणती खिडकी—आणि हमखास चुकायची. माझंही कधी बरोबर आलं नाही, मला सगळ्यांची दया यायची. आणि क्लेम? क्लेमचं कधी चुकलं नाही. एकदासुद्धा नाही. गोष्ट धड ऐकतही नसायचा, कुत्र्याला केक भरवत बसायचा आणि चिठ्ठीत बरोबर नाव. अँब्रोज वैतागायचा. एका वर्षी त्याने मुद्दाम असा गुंता केला की त्याला स्वतःला सोडवताना डोकं धरावं लागलं, आणि क्लेमने दोन मिनिटांत लिहिलं—आत्या. आत्याच होती. पुढे मोठा झाल्यावर त्याने मला गुपित सांगितलं, वचन घेऊन—मी अँब्रोजला कधी नाही सांगितलं, तुम्हाला सांगते, आता काय. म्हणाला, "आई, मी पुस्तक ऐकतच नाही. मी बाबांचे कान बघतो. खुन्याचं नाव वाचताना कान लाल होतात." आणि खरंच व्हायचे हो. लाजरा माणूस होता अँब्रोज. आयुष्यभर खोटं रचून विकलं, पण खोटं बोलता यायचं नाही.

चहा गार झाला असेल. आणखी घालते. नाही? बरं.

तर ते क्वेलचं शेवटचं पुस्तक. 'ओढ्याकाठचा कोट'. तुम्ही वाचलंत ना, हेस्टरने टाइप केलेली प्रत पाठवली ती? मग माहीतच आहे—गिरणीवाल्याचा तरुण मुलगा नाहीसा होतो, बांधाजवळ त्याचा कोट सापडतो, घडी घालून ठेवलेला, आणि माणूस नाही. मिस्टर क्वेल येतो, कुणाच्या दिवाणखान्यात पियानो बेसूर लावतो मुद्दाम, वगैरे. चाळीस सालच्या हिवाळ्यात लिहिलं ते. खिडक्यांना काळे पडदे, चर्चची घंटा बंद—तेव्हा घंटा वाजली तर जर्मन उतरले असं समजायचं होतं, त्यामुळे रविवार आला तरी गावाला रविवार झाल्यासारखा वाटायचा नाही. क्लेम हवाई दलात होता. विमानात रस्ता दाखवायचं काम, नकाशे घेऊन मागे बसायचं. रजेवर आला फेब्रुवारीत तेव्हा अँब्रोजने त्याच्यासाठी म्हणून दोनच दिवसांत सगळं पुस्तक वाचून काढलं, घसा बसला त्याचा. नेहमीसारखं शेवटचं प्रकरण डब्यात गेलं. आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या. डिलिसने पाद्री लिहिला. हेस्टरने सावकार.

मी काय लिहिलं? मी लिहिलं, मेलाच नाही तो. बापाशी भांडून दर्यावर गेलाय, शेवटच्या प्रकरणात ओले बूट घालून मागच्या दाराने येईल. अँब्रोजने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाला, "विनी, अगं, खुनाच्या पुस्तकात खून तरी व्हायला नको का? लोक पैसे देतात!" सगळे हसले.

आणि क्लेमने नाही लिहिलं. चिठ्ठी घेतली, पेन्सिल घेतली, बाबांच्या कानांकडे बघितलं आणि कोरीच चिठ्ठी बशीखाली सरकवली. मी म्हटलं, लिही की रे, उद्या जायचंय तुला, बाबांना पुस्तक पाठवायचंय. तर उठून कोट घालता घालता म्हणाला, "पुढच्या खेपेला सांगतो, आई. बाबांचे कान अजून नीट तापले नाहीत." अँब्रोजला काही कळलं नाही, तो म्हणाला, "माझ्या कानांचं काय?" आणि क्लेम आणि मी, आम्ही दोघंच हसत सुटलो. त्या कपाटाशी उभे राहून. असं हसलो की मला धरावं लागलं त्याला.

बस्स. मग पुढची खेप नाही झाली.

नाही, ठीक आहे मी. रडत नाही. मला रडू येत नाही, मिस हॅलम, ती सवयच राहिली नाही. समुद्रावर गेलं ते विमान. काही सापडलं नाही. ना माणूस, ना—आमच्या पुस्तकात निदान कोट तरी होता. आधी 'बेपत्ता' अशी तार आली, मग काही महिन्यांनी दुसरं पत्र आलं, त्यात आणखी एक शब्द जोडलेला होता, समजण्यात येते वगैरे. समजतात ते. त्यांना समजू द्या. चर्चमध्ये युद्धात गेलेल्यांची पितळी पाटी लावली तेव्हा पाद्री आले, हे नवे, भले आहेत, म्हणाले, मिसेस पेलिंग, नाव घालू ना? मी म्हटलं, नको. वाद नाही घातला, नुसतं नको म्हटलं. तर पाटी कोरणाऱ्याने काय केलं, नावं अक्षरांच्या क्रमाने ना—पॅरीच्या खाली आणि प्रोबर्टच्या वर एक ओळ मोकळी सोडली. मला विचारलं नाही कुणी, आपणहून सोडली. दर शनिवारी मी ती पाटी घासते. नावांच्या खाचांत पावडर अडकते, ती काडीने काढावी लागते, वेळ जातो. ती मोकळी ओळ लगेच होते. गुळगुळीत आहे ना. माझं तोंड दिसतं त्यात.

हेस्टरला वाटतं, नाव घालावं. हेस्टरला वाटतं, हा डबा उघडावा, पुस्तक छापावं, बाबांचं क्वेलचं शेवटचं पुस्तक जगापुढे यावं आणि आईने चहात साखर घालावी. चुकत नाही ती. भाऊ होता तिचा. तिने तिच्यापुरतं पान उलटलं, पोरंबाळं आहेत, तिला पुढे जायला हवं. मला कुठे जायचंय? म्हणून मी म्हणते, नियम आहे. सगळ्यांच्या चिठ्ठ्या येईपर्यंत नाही. क्लेमची चिठ्ठी अजून कोरी आहे. ती तिथेच आहे, त्याच्या बशीखाली, त्या कपाटात—रविवारी मी मांडते सगळं. डिलिस लग्न करून स्वान्सीला गेली, हेस्टर येते कधी, कधी नाही, पण कप मांडते.

तुम्ही काय म्हणता, दुसऱ्या कुणाकडून शेवट लिहून घेऊ? हं. तुम्ही म्हणणारच होतात. लंडनला अशी हुशार माणसं असतील, त्याच्यासारखं हुबेहूब लिहितील, कळणारसुद्धा नाही. तो काय लिहील मग, तुमचा माणूस? सांगा ना. गिरणीच्या चाकाखाली सापडतो, असंच ना? सापडावाच लागतो. वाचक पैसे देतात. नाही, मिस हॅलम. बाकीची सगळी न्या, काही अट न घालता देते, सही कुठे करायची सांगा. हे नाही.

थांबा, पण तुम्ही वाचलंत ना ते? शेवटचं सोडून सगळं? मग तुमचीही चिठ्ठी हवी. अहो, खरंच. ज्याने ऐकलं त्याने लिहायचं, नियम म्हणजे नियम, प्रकाशकांना सूट नाही. हा घ्या कागद, ही पेन्सिल. त्या गिरणीवाल्याच्या मुलाचं काय झालं ते लिहा आणि घडी घालून बशीखाली ठेवा. मी बघत नाही. लिहा मनाला येईल ते, इथे कुणी हसत नाही आता. झालं? एवढ्या पटकन? तुम्ही क्लेमसारख्याच. बरं, किटली भरून आणते मी. शेवटच्या बसला अवकाश आहे अजून.

—बसा तुम्ही, बोला, इथून ऐकू येतं मला! या घरात स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतं, डिलिसला उगाच नाही खुनी कळायचे—कळायचे कसले म्हणा. तार आली त्या दिवशीही मी इथेच होते. इथे म्हणजे या खिडकीखाली, बाहेर, गूजबेरी तोडत होते. जून होता. अँब्रोजने तार घेतली दारात, मला वाचून दाखवली, दोनदा, मग आत गेला. मी परत गूजबेरी तोडायला लागले. लोकांना सांगितलं तर विचित्र वाटतं, पण भांडं अर्धं भरलं होतं ना, मग काय करायचं? आणि मग मला त्या डब्याच्या झाकणाचा आवाज आला. त्याला एक आवाज आहे, बुचासारखा, सबंध गावात दुसऱ्या कशाचा नाही तसा. मी म्हटलं, चहा करत असेल बिचारा. जुन्या सवयीने चहाचा डबा म्हणून तोच उघडला असेल. आणि मग त्याच्या खोलीच्या धुराड्यातून धूर आला. जूनमध्ये. चांगलं ऊन होतं, बायका बाह्या दुमडून बसलेल्या बागेत, आणि आमच्या धुराड्यातून धूर. थोडासाच. मी म्हटलं, थंडी वाजली असेल त्याला. अशा वेळी वाजते माणसाला थंडी. मी काही विचारलं नाही. संध्याकाळी गूजबेरीचा मुरंबा घातला, बिनसाखरेचा, तो टिकला नाही.

अँब्रोज गेला पाच वर्षांपूर्वी, छातीच्या दुखण्याने गेला. शेवटी बोलवत नव्हतं. हात धरून म्हणाला, "विनी, डबा तसाच ठेव." मी म्हटलं, ठेवते. "उघडू नकोस." म्हटलं, नाही उघडत. माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचे कान—

ठेवलात का परत?

नाही, नाही, घाबरू नका, येतेच मी. आवाज आला म्हणून म्हटलं. हळू ठेवलात तुम्ही, पण लाकडावर पत्रा आहे, टक वाजणारच. भरल्या डब्याचा तसा आवाज होत नाही.

बसा. बसा अशा. पांढऱ्या पडलात अगदी. अगं, त्यात एवढं काय, कुणीही उचलून बघितला असता, एवढ्या लांबून आलीस तू. मला माहीत आहे, पोरी. पंधरा वर्षं मीच पुसते तो. फडक्याच्या वाऱ्यानेसुद्धा सरकतो. युद्धातला कागद पातळ असायचा, असं मी आधी म्हणायची मनाशी. बरीच वर्षं म्हटलं. मग नाही म्हटलं.

हेस्टरला नको सांगू. तिला वाटू दे, आत शेवट आहे.

त्याने काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे, न वाचता. मी त्याची बायको होते. चाक, पाणी, गाळात सापडलेलं पोर. सगळ्या पुस्तकांत मिळून त्याने किती माणसं मारली, हिशेब नाही, आणि रविवारी चर्चमध्ये निवांत झोपायचा. आणि त्या दिवशी त्या खोलीत, जूनच्या उन्हात, त्याने त्यातला एक मेलेला परत घेतला. एवढंच करता येत होतं त्याला, ते त्याने केलं. तो मला सांगू शकला नाही आणि मी त्याला, आणि दहा वर्षं आम्ही दोघं या डब्याच्या दोन बाजूंना बसून चहा प्यालो. त्यातला माझा बिनसाखरेचा. मी देवाला दुसरं काही मागितलं नाही, मला कळलंय हे त्याला कळतंय का, एवढं मला कळावं, बस्स. तेही कळलं, शेवटी. कान लाल झाले होते त्याचे.

म्हणून म्हणते, आत शेवट असता तर उघडून द्यायला हरकत नव्हती. नियम बिचारे मोडता येतात. पण यात शेवट नाहीच, तर तो मी तुमच्या त्या हुशार माणसाला कसा लिहू देऊ?

काय करतेस? चिठ्ठी काढतेस बशीखालची? बदलायचीय? बदल ना, चालतं. डबा उघडेपर्यंत बदलता येते, हेस्टर तर चार चारदा बदलायची. पेन्सिल तिकडे लोळलीय बघ, केकच्या ताटाखाली. सावकाश लिही. मी तिकडे तोंड करते.

दे इकडे. नाही, मी नाही वाचत. बशीखाली ठेवते, क्लेमच्या चिठ्ठीशेजारी.

ऊठ आता, तुझी छत्री दाराशी आहे. बस त्या वळणावरून दिसते, हात दाखवला तरच थांबते. जा. जा म्हणते ना.